ह्या खुर्चीत मला माहीत नाही

...आणि वर म्हणतात काय, तर 'हा चहा माझा नाही!' अहो, तुमचा नाही तर कुणाचा? कप तुमचा, दोन घोट तुम्हीच घेतलेले, साखर कमी टाका असं तुम्हीच बजावलेलं... पण नाही. आमचे भाऊजी शांतपणे सांगतात, 'हा चहा अध्यक्षांचा आहे. मी आत्ता मुख्याधिकारी आहे. अध्यक्ष आले की पितील.' आणि शिपाईमामा तो अर्धा कप बशीनं झाकून बाजूला ठेवतात! आता बोला. तुम्हाला सांगतो, ह्या माणसाच्या डोक्यात नुसता भुसा असता ना, तर माझी काही तक्रार नव्हती. पण डोकं चांगलं, मन चांगलं, हात स्वच्छ. माणूस वाईट नाही हो! वाईट असता तर सोपं होतं, चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळे झालो असतो.

थांबा, असं मधूनच सुरू करून चालायचं नाही. भाऊजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान आणि आमच्या नगरसभेचे अध्यक्ष. नगरसभेची इमारत म्हणजे एक लांबलचक व्हरांडा आणि त्याला लागून तीन खोल्या. पहिल्या खोलीत सभा भरते, तिथं नियम होतात, तिथं भाऊजी. मधल्या खोलीत मुख्याधिकारी, त्यांनी ते नियम अमलात आणायचे. आणि शेवटच्या खोलीत अपील अधिकारी, म्हणजे ज्याला वाटेल आपल्यावर अन्याय झाला त्यानं तिथं जाऊन दाद मागायची. आता मधल्या खोलीत पूर्वी जे साहेब होते, त्यांना सगळे नन्नासाहेब म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. कारण सभेनं काहीही पाठवलं की ह्यांचा नन्नाचा पाढा सुरू! सभेनं एकदा नियम केला, बागेत गवतावर बसू नये. सरळ गोष्ट आहे की नाही? नन्नासाहेबांनी परत पाठवला: 'बागेत गवत नाही. आधी गवत लावावे, मग बसू नये.' भाऊजी संतापले. पण मी बागेत जाऊन बघून आलो, खरंच गवत नव्हतं.

आणि शेवटच्या खोलीतल्या बाई तर काय, त्या नन्नासाहेबांच्याही वरताण! भाऊजींनी एकदा फार मनावर घेऊन बाजाराच्या पायऱ्यांवरून भाजीवाल्यांना उठवायचं ठरवलं, नन्नासाहेबांनी कुरकुरत का होईना नोटिसा काढल्या, आणि बाईंनी एका सुनावणीत सगळं रद्द! म्हणाल्या, 'ह्यांनी बसायचं कुठं ते सांगा, मग उठवा.' भाऊजी घरी येऊन ताटावर बसले आणि तसेच उठले. आमची ताई म्हणाली, 'नका जेवू. तसंही भाजीवाले उठले असते तर ताटात होतं काय?' भाऊजी रात्रंदिवस एकच घोकायचे, 'हे दोन धोंडे माझ्या गळ्यात नसते ना, तर मी ह्या जागेचं सोनं केलं असतं!' अहो, मनापासून म्हणायचे. स्वतःच्या खिशासाठी नाही, लोकांसाठी तळमळायचे. माणूस वाईट नाही हो.

देवानं एखाद्याचं मागणं ऐकायचं नसतं, पण ऐकलं! नन्नासाहेब निवृत्त झाले आणि पाठोपाठ बाईंची बदली झाली. दोन्ही जागा रिकाम्या. वरून फोन आला, माणूस मिळेपर्यंत तुम्हीच सांभाळा. झालं! भाऊजींचा चेहरा असा फुलला, की ताईला वाटलं ह्यांना बढती मिळाली. आणि तुम्हाला सांगतो, पहिले काही दिवस खरंच सोनं झालं. सकाळी नियम, दुपारी हुकूम, संध्याकाळी काम! बंद पडलेले दिवे लागले, तुंबलेली गटारं वाहायला लागली, बागेत गवतसुद्धा आलं. लोक काय हो, लोकांना काम झाल्याशी मतलब. जो तो म्हणायला लागला, 'असाच एक खमक्या माणूस पाहिजे, ते तीन-तीन साहेब हवेत कशाला?' मी पण म्हटलं असेल. सगळेच म्हणत होते.

पण भाऊजी पडले सरळमार्गी. दुसरा कुणी असता तर पाय पसरून बसला असता, की चला, रान मोकळं! ह्यांना रात्री झोप येईना. म्हणाले, 'तिन्ही अधिकारांची सरमिसळ होता कामा नये. अध्यक्ष वेगळा, मुख्याधिकारी वेगळा, अपील अधिकारी वेगळा.' मी म्हटलं, 'भाऊजी, पण तिघेही तुम्हीच.' म्हणाले, 'म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी.' आणि मग सुरू झाला तो खोल्यांचा सोहळा! सकाळी पहिल्या खोलीत बसायचं, नियम करायचा. मग उठायचं, व्हरांड्यात यायचं, रुमालानं तोंड पुसायचं, मधल्या खोलीच्या दारावर टकटक करायची... आत कुणी नाही, बरं का! आत कुणी नाही हे ह्यांना माहीत! तरी टकटक, क्षणभर थांबायचं, मग आत. आणि आत गेल्यावर सकाळी आपणच केलेला नियम असा वाचायचा, जसा काही पहिल्यांदाच बघतोय. 'अच्छा, असं ठरवलंय होय सभेनं!' शिपाईमामा दारावरची पाटी बदलायचे, चहा प्रत्येक खोलीत वेगळा, एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. वस्तू नाही आणि माहितीही नाही. हे जे शेवटचं होतं ना, माहितीही नाही, तिथं मेख होती.

घरी ताई वैतागली. संध्याकाळी दार उघडायची ते विचारूनच, 'तिघांतले कोण आलेत? म्हणजे तसा स्वयंपाक करते.' आम्ही हसायचो हो. तोवर सगळ्यावर हसतच होतो.

आता अक्का. अक्का म्हणजे भाऊजींची थोरली बहीण, आमच्या ताईची नणंद. आईबाप लवकर गेले, अक्कानं ह्यांना वाढवलं. वळणावर इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक फळी, वर पत्रा आणि ती जड लोखंडी इस्त्री. त्या टेबलाखाली बसून भाऊजींनी अभ्यास केला, वरून ऊब यायची म्हणे. नगरसभेची रीतसर परवानगी घेऊन मांडलेलं दुकान, तेव्हा रस्ता अरुंद होता, मग रुंद होत होत दुकानाच्या पायापर्यंत आला. म्हणजे दुकान रस्त्यात आलं नाही, रस्ता दुकानात आला! अर्ध्या वस्तीचे कपडे तिच्याकडे, भाऊजींचे शर्टही तिच्याकडेच. अध्यक्ष झाले तरी ती त्यांना छोट्या म्हणायची, भर रस्त्यात, 'ए छोट्या, कॉलर बघ कशी झालीय, उतरव इथंच!' आणि अध्यक्ष रस्त्यात उभे राहून शर्ट उतरवायचे.

तर झालं काय, त्याच वळणावर एका गॅरेजवाल्यानं शेड वाढवत वाढवत पार रस्त्यात आणली. गाड्या अडायला लागल्या, एक-दोघं पडले. सभेत विषय निघाला, वळणावरची रस्त्यात आलेली बांधकामं काढायची. सदस्यांनी लगेच विचारलं, आणि जुन्या परवानगीवाल्यांचं काय? भाऊजीच म्हणाले, 'ती वगळायची, त्यांचा काय दोष?' सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊजी त्याच पावली वळणावर गेले, अक्काला सांगून आले, 'तू निश्चिंत राहा, तुझं दुकान वगळलंय.' इथपर्यंत सगळं बरोबर. मग भाऊजी बसले नियम लिहायला. आणि ते वगळायचं वाक्य... राहून गेलं. घाईत राहून गेलं हो, दुसरं काही नाही! पूर्वी असं कितीदा राहून जायचं, पण पूर्वी मधल्या खोलीत नन्नासाहेब बसलेले असायचे, चष्मा कपाळावर चढवून, वाट बघत, की ह्यात चूक कुठंय, चूक कुठंय! आता मधल्या खोलीत कोण? तेच, ज्यांनी लिहिलं. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं, तुमचं माझंही तसंच आहे.

मुख्याधिकाऱ्यांनी, म्हणजे भाऊजींनी, नोटिसा काढायला सांगितल्या. वळणावर किती बांधकामं? दोन. गॅरेजवाल्यानं नोटीस बघितली आणि मुकाट्यानं शेड मागे घेतली, त्याला आपलं काय ते माहीत होतं. राहिलं कोण? शिपाईमामा नोटीस घेऊन अक्काकडे गेले. तिनं वाचली, हसली, म्हणाली, काहीतरी घोटाळा झालाय, छोट्याला सांगते. आणि आली तडक मधल्या खोलीत. भाऊजींनी नोटीस बघितली, पांढरे पडले. म्हणाले, 'अक्का, नियमात वगळायचं लिहिलेलं नाही. आणि मी मुख्याधिकारी, मला लिहिलंय तेवढंच बघता येतं. तू अपील कर.' अक्का म्हणाली, 'अरे पण तूच तर मला सांगून गेलास!' म्हणाले, 'ते अध्यक्ष सांगून गेले.'

तुम्ही म्हणाल, मग जायचं ना उठून पहिल्या खोलीत! पाच पावलं! बसायचं अध्यक्षाच्या खुर्चीत, ते वाक्य घालायचं, विषय संपला! आम्ही हेच म्हटलं. ताईनं तर हात जोडले. पण ह्यांनी काय मनात घेतलं, तर लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीसाठी नियम बदलला. बोट दाखवतील. तीन-तीन खुर्च्या हातात आणि त्या वापरल्या कुणासाठी, तर घरच्यांसाठी! अहो, दुसऱ्या कुणाचं दुकान असतं ना, तर ह्याच माणसानं धावत जाऊन चूक सुधारली असती. ती बहीण निघाली हा तिचा गुन्हा! माणूस वाईट नाही हो, वाईट माणसानं बहिणीचं दुकान वाचवलं असतं.

मग सुनावणी. शेवटची खोली. मी होतो तिथं, ताई होती, शिपाईमामा दारात. अक्का चांगलं लुगडं नेसून आली होती, स्वतः इस्त्री केलेलं. भाऊजी बाईंच्या जुन्या खुर्चीत. अक्काला 'अर्जदार' म्हणाले. अक्कानं मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. मग तिनं सांगायला सुरुवात केली, की सभेत असं ठरलं होतं, अध्यक्षांनी स्वतः येऊन मला सांगितलं होतं. भाऊजी म्हणाले, ह्याला आधार काय? ती म्हणाली, आधार तूच. म्हणाले, अपील अधिकाऱ्यासमोर अध्यक्षांची साक्ष झालेली नाही. ती म्हणाली, मग बोलाव त्यांना! आता ह्यावर भाऊजींनी काय करावं? खरोखर विचार केला हो! डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, 'त्यांना बोलावता येईल. पण ते आले तर मला इथं थांबता येणार नाही.' शिपाईमामा बिचारे दारातून म्हणतात, 'साहेब, मी बघून येऊ का, आहेत का ते पहिल्या खोलीत?' मला हसू फुटलं. मी तोंडात रुमाल कोंबला. आणि मग अक्काकडे बघितलं आणि हसू जागच्या जागी मेलं.

ती उठून टेबलापाशी गेली होती. अगदी हळू विचारलं तिनं, 'छोट्या, सगळं सोड. तुला माहीत आहे ना काय ठरलं होतं ते?'

भाऊजी म्हणाले, 'माहीत आहे, अक्का. पण ह्या खुर्चीत मला माहीत नाही.'

अपील फेटाळलं.

वरच्या कोर्टात जाता आलं असतं. ताई म्हणाली, मी येते तुमच्याबरोबर, चला. अक्का म्हणाली, भावावर खटला भरू? म्हातारपणी हेच राहिलं होतं! संपलं. ज्या दिवशी दुकान पाडायचं होतं, त्या सकाळी भाऊजी स्वतः गेले. कशाला? तर लोक म्हणायला नकोत, तोंड लपवून बसला. तरी व्हरांड्यातनं निघताना मी आडवा गेलो, म्हटलं, 'भाऊजी, निदान थोडं थांबा, मुख्याधिकाऱ्याला काम लांबणीवर टाकता येतं.' तर म्हणतात, 'अपील अधिकाऱ्यांचा निकाल आहे, मी कोण थांबवणारा?' अहो कोण? तुम्ही कोण? तीन माणसं आहात तुम्ही आणि एकालाही थांबवता येत नाही? आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय म्हणतात, इथं दळणाराही हाच, खाणाराही हाच, आणि तरी उपाशीही हाच!

अक्कानं आरडाओरडा केला नाही. लोकांचे कपडे घड्या घालून गठ्ठे बांधले, ज्याचे त्याला पोचते केले. मजुरांना प्यायला पाणी दिलं. पत्रा उतरला, फळी निघाली, टेबल बाजूला घेतलं तर खाली जमिनीवर एक कोपरा गुळगुळीत झालेला, तिथं बसून हे शिकले. भाऊजी तिकडं बघत उभे. मग अक्का त्यांच्यापुढे आली आणि एक शर्ट हातावर ठेवला, कडक इस्त्रीचा. म्हणाली, 'हा घे. परवा टाकला होतास. सभेला लागेल.' बस, एवढंच. मी तुम्हाला खरं सांगतो, तिनं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. त्या माणसाला तो शर्ट धरताही येईना आणि ठेवताही येईना.

आणि नशीब कसं बघा! त्यानंतर थोड्याच दिवसांत मधल्या खोलीत नवीन मुख्याधिकारी आल्या. तरुण पोरगी, अंगानं काडी, पण नजर? नन्नासाहेबांची नात शोभावी अशी! आल्याआल्या सगळे जुने नियम वाचायला घेतले आणि दुपारच्या आत भाऊजींच्या दारात उभी. म्हणाली, 'सर, ह्या वळणाच्या नियमात पूर्वीची परवानगी असलेले वगळून, असं हवं होतं ना? मी परत पाठवतेय.' दुपारच्या आत! एका बैठकीत! भाऊजींनी तो नियम पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, 'हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?' ती म्हणाली, 'आधी कोण होतं सर, सांगायला?' तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं, तिनं आपलं सरळ विचारलं.

त्या दिवशी भाऊजी घरी आले आणि रडले. आडपडदा कशाला, ताईसमोर, माझ्यासमोर, लहान मुलासारखे रडले. म्हणाले, 'मी सगळी काळजी घेतली रे. टकटक केली, खोल्या बदलल्या, खुर्च्या बदलल्या... माणूस तेवढा बदलायचा राहिला.' नियम दुरुस्त झाला हो, दुसऱ्याच दिवशी सभेनं केला. पण वळणावर तोवर डांबर पडलं होतं. नियमात वाक्य घालता येतं, डांबराखालून दुकान काढता येत नाही. शेवटच्या खोलीतही आता एक गृहस्थ आलेत, भलतेच खडूस, भाऊजींचे दोन हुकूम त्यांनी आल्याआल्या मोडले, आणि भाऊजी चक्क पेढे मिळाल्यासारखे खूश होतात! ताई म्हणते, ह्यांना पूर्वी हे कळलं असतं तर... मी म्हणतो, ताई, पूर्वी कळत असतं तर लोकांनी तीन खोल्या कशाला बांधल्या असत्या?

मग एका रविवारी भाऊजी अक्काच्या घरी गेले. ती आता घरातच एका खाटेवर चादर अंथरून इस्त्री करते, गिऱ्हाइकं निम्मीही राहिली नाहीत, जिना चढून कोण येणार? मी बरोबर होतो, एकट्यानं जायचा त्यांना धीर नव्हता. भाऊजींनी तिचे पाय धरले. म्हणाले, 'अक्का, चुकलो. तू शिक्षा दे, नाहीतर माफ कर. तू म्हणशील ते.'

अक्कानं इस्त्री उभी करून ठेवली. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि तेच मला बघवेना. म्हणाली, 'मी कशी ठरवू रे छोट्या? दुकान माझं, भाऊ माझा, राग माझा, आणि निकालही मीच द्यायचा? तू जे केलंस, तेच आता माझ्याकडून करून घेतोस? नको. मधे दुसरं कुणीतरी हवं. जे कुणी ठरवेल ते मी मुकाट्यानं मानेन.'

तेव्हापासून आम्ही माणूस शोधतोय. ताईला विचारलं, ती म्हणाली मी बायको, माझा निकाल कोण मानणार? मला विचारलं, मी म्हटलं मी मेहुणा, मी तर घरचाच. त्या नवीन मुख्याधिकारी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या हा विषय माझ्या अधिकारात येत नाही. बरोबरच आहे! भाऊजी दर रविवारी जातात, खाटेच्या कडेला बसतात, कपड्यांच्या घड्या घालून देतात, आणि निघताना विचारतात. ती आपली म्हणते, 'अजून कुणी मिळालं नाही रे.' आणि दोघंही म्हातारे होत चाललेत... आता तुम्हीच सांगा, तुमच्यापैकी कुणी आहे का मोकळं? आमच्या नात्यातलं नको, ओळखीतलं नको, दोघांपैकी कुणाचीच कणव येता कामा नये. पण एवढं सगळं ऐकून घेतल्यावर, तुम्हीही आता कसले चालणार म्हणा!